मेणाचा थेंब

दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, आंब्याच्या पेट्या भरण्याची घाई ओसरली की एक माणूस आमच्या भेटीस येतो. बागेत राखण करणे आणि हंगामात पेट्या भरणे हा त्याचा व्यवसाय. येताना हापूसची एक लहान पेटी आणतो. पेटी डाव्या काखेत धरून तो उजवा हात पुढे करतो. त्या हाताची शेवटची दोन बोटे पुरती उघडत नाहीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधले मांस ओसरून तेथे खळगा पडला आहे. आम्ही तो हात हाती घेतो, तेव्हा आमचा स्पर्श त्याला अर्धाच कळतो हे आम्हांला ठाऊक असते. असे का झाले, हेही ठाऊक असते. त्यात आमचा वाटा आहे. तो आजवर आम्ही कोठे लिहिला नाही. आता पन्नाशी उलटून गेल्यावर तो लिहून ठेवावा असे वाटते.

त्यासाठी आधी पेशींविषयी थोडे बोलावे लागेल. आम्ही वैद्य नव्हे. या हातामुळेच गेली काही वर्षे आम्ही वैद्यकाची पुस्तके उसनी आणून वाचत आलो आहोत. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे साध्या शब्दांत ठेवतो.

आईच्या उदरातील गर्भ सहा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या हाताला बोटे नसतात. तेथे वल्ह्याच्या पात्यासारखा एक चपटा भाग असतो. पुढील दोन आठवड्यांत या पात्यातील ठरावीक जागच्या पेशी मरतात आणि त्यांच्या मरणाने पडलेल्या फटींमुळे पाच बोटे एकमेकांपासून मोकळी होतात. त्या पेशी मेल्या नाहीत तर बाळ जुळलेल्या बोटांनी जन्मास येते. म्हणजे ज्या हाताने आपण पुढे भाकरी मोडतो आणि कपाळावर क्रुसाची खूण करतो, तो हात मुळात पेशींच्या मरणातूनच कोरला गेलेला असतो.

या मरणाला शास्त्रज्ञांनी वेगळे नाव दिले आहे. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली ‘ॲपॉप्टोसिस’ हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पानगळ असा आहे. पिकलेले फणसाचे पान ज्या शांततेने अंगणात उतरते, त्याच शांततेने ही पेशी जाते. ती आक्रसते, आपल्यातील सर्व ऐवजाची लहान लहान गाठोडी बांधते, आणि शेजारच्या पेशी ती गाठोडी उचलून पचवून टाकतात. कोठे सूज नाही, दाह नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज कित्येक अब्ज पेशी अशा रीतीने जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. आपल्याला त्याची वार्ताही नसते.

दुसरे मरण निराळे. विषाने, जंतूने, भाजण्याने किंवा रक्तपुरवठा तुटल्याने पेशी मरते तेव्हा ती फुगते, तिचे आवरण फाटते आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. त्या सांडलेल्या ऐवजाने आसपास दाह पेटतो. पेशी एकटी मरत नाही. शेजाऱ्यांनाही चटका देऊन जाते.

या दोन मरणांच्या अलीकडे एक मधली अवस्था असते, आणि आमच्या कथेचा संबंध तिच्याशी आहे. १८५८ साली बर्लिन येथे रुडॉल्फ फिरखो या वैद्याने वीस व्याख्याने दिली. रोग हा शरीरात कोठेतरी मोघम फिरत नसतो, तो पेशीत असतो, असे त्याने त्यांत मांडले. आजारी पेशी लगेच मरत नाही. प्रथम तिच्यात पाणी शिरते आणि ती फुगते. मग जे तिला पचवता येत नाही, किंवा बाहेर टाकता येत नाही, ते तिच्यात साठू लागते. कधी चरबी साठते, कधी बिघडलेली प्रथिने. मद्यप्यांच्या यकृतात हे साठणे सहज दिसते. यकृताच्या पेशीत चरबीचे थेंब जमतात, थेंबाला थेंब मिळून मोठा होतो आणि पेशीचे केंद्र एका कडेला ढकलले जाते. आमच्या धर्मग्रामात हे उदाहरण समजावून सांगण्यास चित्राची गरज पडत नाही. परंतु या अवस्थेत दारू सुटली तर ती चरबी काही आठवड्यांत ओसरते आणि पेशी पूर्ववत होते. सुटली नाही, तर पुढे एक रेषा येते. ती ओलांडली की पेशीला परतता येत नाही. ती मरते आणि तिच्या जागी घट्ट, निर्जीव व्रण उभा राहतो. ही रेषा बाहेरून दिसत नाही. जो माणूस ती ओलांडतो त्यालाही त्या क्षणी काही जाणवत नाही.

आता कुष्ठरोगाकडे वळतो. आमच्या कोकणाला हा रोग नवा नाही. जुनी माणसे त्यास रगतपिती म्हणत. एकोणिसाव्या शतकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वातून रत्नागिरीत कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उभे राहिले. त्या काळी तेथे आसरा होता, औषध नव्हते. रोगाचे कारणही कोणास ठाऊक नव्हते. पूर्वजांचे पाप, रक्ताचा दोष, वाईट हवा, अशी नाना कारणे सांगितली जात. १८७३ साली नॉर्वेमधील बर्गेन येथे आर्माउअर हान्सेन यांना रुग्णांच्या गाठींमध्ये काडीसारखे सूक्ष्म जंतू दिसले आणि हा रोगही इतर रोगांसारखा जंतूचा रोग आहे हे कळण्यास सुरुवात झाली.

हा जंतू विलक्षण आळशी आहे. इतर कित्येक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. याला एकाचे दोन होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. शरीरात शिरल्यापासून रोगाची खूण दिसेपर्यंत साधारण पाच वर्षे जातात, कधी वीसही. २००१ साली त्याच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील निम्म्याहून कमी भागच कामाचा उरला असल्याचे दिसले. बाकीचा भाग मोडक्या सामानासारखा पडून आहे. स्वतःच्या बळावर तो जगूच शकत नाही. प्रयोगशाळेतील कोणत्याही कृत्रिम अन्नावर तो आजवर वाढवता आलेला नाही. त्याला दुसऱ्याची पेशी हवी.

ती त्याला मिळते आपल्याच पहारेकऱ्यांत. आपल्या शरीरात भक्षक पेशी असतात. त्या जंतूंना गिळतात आणि पचवतात. काही माणसांच्या शरीरात या पेशी कुष्ठजंतू गिळतात खऱ्या, पण त्यांना पचवू शकत नाहीत. बाहेरही टाकत नाहीत. जंतू आतच वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते विड्यांच्या कट्ट्यासारखे एकत्र बांधलेले दिसतात. पेशीत चरबी साठत जाते आणि अखेर सारी पेशी साबणाच्या फेसासारखी दिसू लागते. या पेशीला आजही फिरखोचे नाव आहे. अलीकडच्या संशोधनातून असे दिसते की ही चरबी साठवण्यास जंतूच पेशीला भाग पाडतो आणि तीच त्याचे खाद्य होते. पहारेकऱ्याने चोराला पकडून घरात कोंडावे आणि मग त्यालाच रोज वाढावे, तसा हा प्रकार आहे. रोग वर्षानुवर्षे उपचाराविना राहिला तर आणखी एक पदार्थ दूरच्या अवयवांत साठू लागतो. त्यास ‘ॲमिलॉइड’ म्हणतात. आयोडिनने त्याचा रंग पालटतो म्हणून फिरखोने त्यास पिष्टासारखे मानून १८५४ साली हे नाव दिले. पुढे ते प्रथिन असल्याचे सिद्ध झाले, पण नाव तेच राहिले. ते मूत्रपिंडात साठते. जुन्या काळी कित्येक कुष्ठरुग्ण हातापायांच्या जखमांनी मेले असे लोक समजत. प्रत्यक्षात त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली असत.

परंतु या रोगाची खरी हानी मज्जातंतूंत होते. या जंतूला शरीराचा थंड भाग आवडतो. कानाच्या पाळ्या, नाक, त्वचा आणि त्वचेलगतच्या शिरा. कोपर कोठे आपटले की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते, ती शीर आपणा सर्वांस ठाऊक आहे. ती तेथे कातडीखालीच असते आणि म्हणून पुष्कळदा तीच सापडते. मज्जातंतूभोवती वेष्टणासारख्या पेशी असतात. त्यांना थिओडोर श्वान यांचे नाव आहे. सर्व प्राणी पेशींनीच बनलेले आहेत असे १८३९ साली मांडणारे हे शास्त्रज्ञ श्रद्धावान कॅथलिक होते आणि बेल्जममधील लूव्हेन येथे अध्यापन करीत. कुष्ठजंतू याच पेशींत बिऱ्हाड करतो. पुढे शरीराला त्याचा पत्ता लागतो आणि दाह सुरू होतो, तेव्हा शीर सुजते. तिचे बाहेरचे आवरण घट्ट असल्याने सुजेला पसरण्यास जागा नसते. आतले तंतू दबतात, त्यांचा रक्तपुरवठा घटतो आणि ते मरतात. त्यांच्या जागी व्रण तयार होतो. मुंबईतील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे कर्करोगावरील संशोधनासाठी प्रसिद्ध आहेत. कुष्ठरोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचा आणि त्यांतील बारीक मज्जातंतूंचाही त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली फार बारकाईने अभ्यास केला होता. रोग डोळ्यांना धड दिसतही नाही तेव्हाच तो मज्जातंतूशी पोचलेला असतो, हे अशा अभ्यासांतून कळले.

हे सारे आम्ही नंतर वाचले. परंतु जे वाचावयास हवे होते तेवढे आम्हांला आधीच शिकवलेले होते. आम्ही पुण्यास सेमिनरीत असताना काही रविवारी आम्हां विद्यार्थ्यांना कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत नेत असत. तेथील एका वयस्क परिचारिकेने आम्हांला चट्टा कसा तपासावा हे दाखवले होते. रुग्णास डोळे मिटावयास सांगायचे, कापसाची वात त्वचेवर हलकेच टेकवायची आणि जेथे स्पर्श झाला तेथे बोट ठेवावयास सांगायचे. चट्ट्यावर त्याला बोट ठेवता आले नाही तर शंका उरत नाही. “एवढे लक्षात ठेवा, ब्रदर,” त्या म्हणाल्या होत्या, “खेड्यात गेल्यावर तुमच्याकडे लोक आमच्या आधी येतील.”

२००१ साल होते. गुरुदीक्षा होऊन आम्हांला फार दिवस झाले नव्हते आणि रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका लहान धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू होतो. ईस्टरच्या जागरणविधीची रात्र. मंदिरातील दिवे मालवलेले. मोठ्या मेणबत्तीवरून सर्वांनी आपापल्या मेणबत्त्या पेटवल्या. आमच्या शेजारी सोळा वर्षांचा एक वेदीसेवक उभा होता. खाडीवरून वारा येत होता, ज्योत झुकत होती आणि वितळलेले मेण त्याच्या उजव्या हातावर, मनगटाच्या थोडे वर, पडत होते. इतर मुले अशा वेळी हात झटकतात, एकमेकांकडे पाहून हसतात. हा मुलगा स्तब्ध होता. आम्हांला प्रथम त्याच्या भक्तीचे कौतुक वाटले. मग मेणाखालची त्वचा दिसली. तेथे रुपयाच्या दोन नाण्यांएवढा फिकट, किंचित तांबूस चट्टा होता.

मिस्सा संपल्यावर आम्ही त्याला साक्रिस्तीत थांबवून घेतले. पवित्र तेलांच्या कुप्यांपाशी कापूस ठेवलेला असतो. त्यातील थोडा घेऊन त्याची वात केली आणि त्याला डोळे मिटावयास सांगितले. तळहातावर, बोटांवर, दंडावर त्याने बरोबर बोट ठेवले. चट्ट्यावर आम्ही तीन वेळा कापूस टेकवला. तो डोळे मिटून वाट पाहत राहिला. शेवटी म्हणाला, “फादर, अजून सुरू नाही केलं?”

दुसऱ्या दिवशी, सणाच्या जेवणाची भांडी अजून अंगणात होती, तेव्हा आम्ही त्याच्या घरी गेलो. आईला बाजूला बोलावून सांगितले. ती वर्षभर त्याला नायट्याचे मलम लावीत होती. आम्ही रोगाचे नाव उच्चारले तशी तिने ओट्याचा खांब धरला. मग हळू आवाजात म्हणाली, “फादर, पोरीचं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात आहे. पोराला रगतपिती म्हणून लोकांना कळलं तर तिला कोण नेईल? लग्न तेवढं होऊ द्या. मग मी स्वतः त्याला घेऊन जाते. तुम्ही कुठं बोलू नका. पाया पडते.”

आम्ही शब्द दिला.

हे पापनिवेदन नव्हते. गुप्ततेचे कोणतेही बंधन आमच्यावर नव्हते. एका आईच्या डोळ्यांतील पाणी पाहवले नाही आणि महिनाभराने काय बिघडणार आहे, असे आम्ही स्वतःला सांगितले. तिची भीती निराधार होती असेही म्हणता येत नाही. महारोग्यांसंबंधीचा १८९८ सालचा कायदा तेव्हा अद्याप रद्द व्हावयाचा होता. तो २०१६ साली रद्द झाला. त्याच २००१ साली ख्रिस्ती विवाहविच्छेदाच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात कुष्ठरोग हे विच्छेदाचे एक कारण म्हणून नोंदवले गेले. ते २०१९ साली काढण्यात आले. कायद्याच्या पुस्तकात जे होते तेच त्या माऊलीच्या मनात होते. परंतु आम्ही सेमिनरीतून शिकून आलेलो होतो. औषध फुकट मिळते, थोड्याच दिवसांत संसर्गाची भीती राहत नाही, हे आम्हांला माहीत होते. ते आम्ही तिला सांगावयास हवे होते. होणाऱ्या जावयाला भेटावयास हवे होते. आम्ही गप्प राहणे पत्करले, कारण ते सोपे होते आणि दयेसारखे दिसत होते.

लग्न थाटात झाले. आम्हीच लावले. जूनमध्ये आमची बदली झाली आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. जाताना नव्या सहायकांच्या हाती वह्या दिल्या, किल्ल्या दिल्या, जमाखर्च समजावून सांगितला. या मुलाविषयी एक शब्दही सांगितला नाही. खरे सांगावयाचे तर त्या दिवशी तो आमच्या स्मरणातही नव्हता.

आईने त्याला नेले नाही. प्रथम मुलगी सासरी रुळू दे, मग तिला मूल होऊ दे, अशी मुदत वाढत गेली. २००२ च्या नाताळात मुलगी आणि जावई माहेरी आले. जावई मुंबईस कामाला होता. रात्री चुलीजवळ सारे बसले असताना त्याने पाहिले की मेव्हण्याने विस्तवावरची पितळी हाताने उचलली, त्याच्या बोटाला फोड आला, तरी त्याने हात मागे घेतला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळलेले होते. जावयाने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उसनी मोटारसायकल आणली, मेव्हण्याला मागे बसवले आणि रुग्णालयात नेले. त्याच्या कामावरच्या एका सोबत्याला हाच रोग झाला होता आणि गोळ्या घेऊन तो बरा झाला होता. सासूला तो एवढेच म्हणाला, “आई, आधी सांगायचं ना.”

ज्याच्यापासून आम्ही सर्वांनी मिळून हे लपवले, त्यानेच ते एका सकाळीत केले.

पुढील हकीकत आम्हांला त्या मुलाकडूनच कळली. डॉक्टरांनी त्याला विचारले, बोटांतली शक्ती कधीपासून कमी वाटते? त्याने सांगितले, गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या आधीपासून. म्हणजे सव्वा वर्ष. डॉक्टर क्षणभर थांबले, असे तो सांगतो. मज्जातंतूचा अशक्तपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर दाह उतरवणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी तो पुष्कळदा भरून येतो. त्यापलीकडे आशा फार थोडी. ईस्टरच्या रात्री त्याच्या बोटांत पूर्ण बळ होते. त्यानेच ती मेणबत्ती सरळ धरली होती. तेव्हा केवळ चट्टा होता. ती जी परतीची रेषा आम्ही वर सांगितली, ती त्या रात्री त्याच्या पुढे होती. त्यानंतरच्या पावसाळ्यात कधीतरी त्याने ती ओलांडली, आणि त्या वेळी आम्ही दुसऱ्या गावी नव्या मुलांना धर्मशिक्षण देत होतो.

त्याला एक वर्ष तीन औषधे एकत्र देण्यात आली. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली ही उपचारपद्धती सुचवली आणि तिने या रोगाचा इतिहास पालटला. रिफॅम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेने शरीरातील बहुतेक सारे जिवंत जंतू मरतात. क्लोफॅझिमिनने त्याची त्वचा काळवंडली. तो रंग औषध संपल्यावर हळूहळू उतरला. जंतू मेले. परंतु त्यांच्या आधी शीर मेली होती. पुढे शस्त्रक्रिया करून दुसऱ्या स्नायूचा दोर बोटांकडे वळवण्यात आला. वेलोर येथे डॉ. पॉल ब्रँड आणि मुंबईत डॉ. नोशीर अंटिया यांनी अशा शस्त्रक्रिया आपल्या देशात रुजवल्या. बोटे बरीच सरळ झाली, त्याला पेट्या भरता येऊ लागल्या. स्पर्श परतला नाही. शस्त्रक्रिया हालचाल परत देते. स्पर्श तिच्या हाती नसतो.

डॉ. ब्रँड यांनीच हे दाखवून दिले होते की कुष्ठरुग्णाची बोटे रोगाने झडत नाहीत. वेदना नाहीशी होते, म्हणून माणूस विस्तवाला, खिळ्याला, घासणाऱ्या चपलेला ओळखत नाही, आणि बोटे जखमांनी झिजतात. आमचा हा मित्र त्यासाठी रोज एक नियम पाळतो. संध्याकाळी दिव्याखाली बसून तो आपले हात आणि पाय डोळ्यांनी तपासतो. उजव्या पायाचा तळवाही बधिर आहे. कोठे लाली आहे का, काटा आहे का, फोड आहे का, हे बोटाबोटाने पाहतो. मग पाय पाण्यात भिजवून तेल लावतो. आत मऊ रबर असलेली, ज्यांस तेथे एमसीआर चपला म्हणतात, त्या वापरतो. गेल्या कित्येक वर्षांत त्याच्या पायाला जखम झालेली नाही. आम्हां धर्मगुरूंना रात्री झोपण्यापूर्वी आपल्या दिवसाचा तपास घ्यावा असे शिकवलेले असते. आम्ही तो घेतो, पण पुष्कळदा घाईत. तो मात्र एकही संध्याकाळ चुकवत नाही, कारण एका चुकलेल्या संध्याकाळीची किंमत त्याला ठाऊक आहे.

फादर डेमियन यांचे चरित्र वाचकांनी वाचले असेल. हान्सेन यांना जंतू दिसले त्याच १८७३ साली ते मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांमध्ये राहावयास गेले. लूव्हेनजवळच्या त्रेमेलो गावचे ते. अकरा वर्षांनी, १८८४ च्या अखेरीस, एका संध्याकाळी त्यांनी थकलेला पाय कढत पाण्यात घातला. त्वचेवर फोड आले, पण त्यांना काही जाणवले नाही. त्यावरून त्यांनी ओळखले. १८८९ साली ते वारले आणि २००९ साली त्यांना संतपद मिळाले. आम्ही प्रवचनांतून त्यांच्याविषयी पुष्कळ बोललो आहोत. ईस्टरच्या त्या रात्रीनंतर त्यांचे नाव घेताना आमचा आवाज थोडा खाली येतो.

भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे निर्मूलन जाहीर केले, म्हणजे दहा हजारांमागे रुग्णांचे प्रमाण एकाहून खाली आले. लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. आजही देशात दर वर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, आणि ते साऱ्या जगातील नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक आहेत. औषध सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. तेव्हा वाचकहो, आपल्या घरात, शेजारी, वेदीजवळच्या मुलांत फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला, तेथे खाज नसेल, घाम येत नसेल, चिमटा कळत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी त्यास घेऊन जावे. लग्न, सण, परीक्षा, हंगाम यांपैकी कशासाठीही थांबू नये. आम्ही थांबलो होतो.

तीन वर्षांपूर्वी आमची नेमणूक पुन्हा याच धर्मग्रामात झाली, या वेळी प्रमुख म्हणून. आल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही त्याच्या घरी गेलो आणि जे त्याला ठाऊकच होते ते तोंडाने सांगितले, की त्या रात्री आम्हांला कळले होते आणि आम्ही गप्प राहिलो. आई आता नाही. तो ऐकत राहिला. “आईनंच तुमच्याकडून शब्द घेतला, फादर,” एवढेच म्हणाला. क्षमा केली असे म्हणाला नाही, आणि आम्हीही तसे म्हणवून घेतले नाही.

गेल्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जणांत आम्ही त्याचे नाव घातले. वृद्ध माणसे असतात म्हणून आमचा साक्रिस्तान पाणी कोमट करून आणतो. त्या दिवशी घाईत किटली तशीच शेगडीवरून उतरवून आणलेली होती. एकेकाचे पाय धूत आम्ही त्याच्यापाशी आलो. परातीत पाणी ओतले, आणि त्याने आपला बधिर पाय पुढे केला. आम्ही त्याचा घोटा धरून थांबवला, झग्याची बाही वर सारली आणि आपले कोपर पाण्यात बुडवले. चटका बसला. साक्रिस्तानाला खूण करून गार पाणी मागवले, ते मिसळले, पुन्हा कोपर बुडवून पाहिले. मागच्या बाकांवरील लोकांना काय चालले आहे ते कळेना. गायकवृंदाचे गीत संपून गेले होते आणि मंदिरात शांतता होती.

तो वाकून हळूच म्हणाला, “वाफ दिसली होती मला, फादर. तुम्ही काय करता ते बघत होतो.”

मग त्याने पाय पाण्यात ठेवला.